लिप बामचे ओठांपलीकडचे उपयोग: काय जमले, काय फसले?

अडकलेली_चेन (धागाकर्ता)

गेल्या वर्षी एका प्रवासाला निघताना पहाटे बॅगेची चेन मध्येच अडकली. रनर पुढे जाईना, मागेही येईना, आणि गाडी दारात येऊन उभी राहिलेली. अशा वेळी चेनीवर मेणबत्ती घासावी हे ऐकून ठाऊक होते, पण त्या घाईत मेणबत्ती शोधणार कुठे? खिशात हात घातला तर लिप बामची कांडी लागली. हेही शेवटी मेणच, असे मनाशी म्हणत ती अडकलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंच्या दातांवर घासली, रनर जोराने पुढे ओढण्याऐवजी आधी जरासा मागे सरकवला, पुन्हा बाम लावला, पुन्हा पुढे-मागे केला, आणि चौथ्या की पाचव्या खेपेला तो असा सुळकन पुढे गेला की माझे बोटच बॅगेच्या कडेवर आपटले. दातांवर राहिलेला जादा बाम रुमालाने पुसून टाकला. ती चेन त्यानंतर जवळजवळ पाच महिने विनातक्रार चालली.

या यशाने माझे डोके थोडे फिरले, हे कबूल करायला हवे. पुढच्या काही महिन्यांत मी घरातल्या जवळजवळ प्रत्येक कुरकुरणाऱ्या, अडणाऱ्या आणि घासणाऱ्या वस्तूला लिप बाम लावून पाहिला. लाकडी कपाटाचा एक खण ओढताना दर वेळी तिरका होऊन अडत असे, त्याच्या खालच्या पट्ट्यांना बाम चोळल्यावर तो सरळ येऊ लागला. बोटात घट्ट बसलेली अंगठी निघाली. पावसात भिजून पांढरट पडलेल्या चामड्याच्या बुटाच्या टोकाला तात्पुरती चमक आली. मात्र दाराला लावायच्या कुलपात किल्लीला बाम फासून घातला, तेव्हा दोन आठवडे किल्ली लोण्यासारखी फिरली आणि तिसऱ्या आठवड्यात ती आत जाईचना.

आपापले अनुभव लिहावेत अशी विनंती आहे. महाजालावर अशा उपयोगांच्या लांबलचक याद्या फिरतात, पण त्या लिहिणाऱ्याने त्यातले स्वतः किती करून पाहिले असेल याची मला शंका वाटते. म्हणून नेमके कशाला लावले, कसे लावले आणि ते किती दिवस टिकले, एवढे तरी कृपया नमूद करावे.

रसायनवही

उत्तम विषय. चेन का चालली आणि कुलूप का फसले या दोन्ही गोष्टींचे कारण एकच आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

लिप बामच्या कांडीत मुख्यतः दोन प्रकारचे घटक असतात. एक, कांडीला उभे ठेवणारे मेण. दुसरे, ते मेण ओठांवर पसरावे म्हणून मिसळलेले तेल, चरबी किंवा पेट्रोलियम जेली. मधमाशीचे मेण साधारण ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळते, कार्नोबा नावाचे पाम वृक्षाच्या पानांवरचे मेण ८२ ते ८६ अंशांच्या आसपास, तर कोको बटर ३४ ते ३८ अंशांवरच सैल पडते. या घटकांचे प्रमाण बदलले की कांडी कडक किंवा मऊ होते. चेनीसाठी कडक कांडी चांगली, कारण तिच्यात मेण जास्त असते. डबीत मिळणारा, बोटाने लावायचा मऊ बाम अंगठी काढायला उपयोगी पडेल, पण चेनीच्या दातांत तो नुसता लडबडेल.

आता मुद्दा असा की पातळ वंगणतेल ओघळून जाते, कापडात शिरते. मेण मात्र जिथे घासले तिथेच पातळ थर धरून राहते. चेन, खणाची पट्टी, लाकडात शिरणारा स्क्रू अशा ठिकाणी हाच गुण हवा असतो. पण तोच थर चिकटही असतो आणि धूळ धरून ठेवतो. चेनीवरची धूळ तुम्ही रुमालाने पुसलीत. कुलपाच्या आत रुमाल जात नाही. आतल्या बारीक पिना स्प्रिंगच्या जोरावर वर-खाली होतात, त्यांच्याभोवती धूळ आणि मेण यांचा लगदा बसला की त्या जागीच रुततात. तुमच्या तिसऱ्या आठवड्याचे कारण हेच असणार.

थोडे अवांतर, पण विषयाला धरून. १८५९ मध्ये रॉबर्ट चेसब्रो हा तरुण रसायनतज्ज्ञ अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियामधल्या टायटसव्हिल येथील तेलविहिरी पाहायला गेला होता. तिथे पंपांच्या दांड्यांवर एक मेणचट राड साचत असे. कामगार ती वैतागून खरवडून काढत आणि त्यातलीच थोडी कापल्या-भाजल्या जागी चोळत. ती राड शुद्ध करून त्याने जी जेली तयार केली ती म्हणजे व्हॅसलिन. तिचे पेटंट १८७२ चे आहे. म्हणजे लिप बाममधला हा घटक माणसाच्या ओठांवर पोहोचण्याआधी यंत्राच्या दांड्यालाच चिकटलेला होता. तुमच्या बॅगेच्या चेनीवर गेल्याचे त्याला फारसे नवल वाटले नसेल!

पक्कड

चेनीबाबत सहमत, फक्त एक पुरवणी. चेन अडकत असेल तर बामचा उपयोग होतो. चेन लागते पण रनर पुढे गेल्यावर दात मागून उघडत जातात, असे होत असेल तर दोष कोरडेपणाचा नसून रनर सैल झाल्याचा आहे. तिथे अख्खी कांडी संपवली तरी फरक पडणार नाही. रनरच्या दोन्ही कडा पक्कडीने अगदी हलक्या हाताने दाबाव्या लागतात. आणि अस्तराचे कापड दातांत अडकले असेल तर आधी ते सोडवावे, बाम नंतर.

सुईदोरा

मी गेली अनेक वर्षे हाताने शिवणकाम करते. शिवणाऱ्यांकडे पूर्वीपासून मधमाशीच्या मेणाची लहानशी वडी असते आणि दोरा तिच्यावरून ओढून घेण्याची पद्धत आहे, कारण मेण लावलेल्या दोऱ्याला पीळ कमी पडतो आणि गाठी बसत नाहीत. माझी वडी एकदा हरवली आणि हाती घेतलेले काम अर्ध्यावर होते, तेव्हा जुन्या लिप बामवर ते भागवले, म्हणून अनुभवाने लिहिते.

कांडी थोडी वर काढून तिच्या टोकावर दोरा ठेवायचा, अंगठ्याने हलका दाब द्यायचा आणि दुसऱ्या हाताने दोरा एका दमात ओढून घ्यायचा. कांडीवर बारीक खाच पडते, त्याच खाचेतून पुन्हा एकदा ओढायचा. मग तो दोरा दोन बोटांच्या चिमटीतून दोन-तीन वेळा काढायचा, म्हणजे जादा बाम बोटांना लागतो आणि बोटांच्या उबेने उरलेला दोऱ्यात मुरतो. दोऱ्याचे विस्कटलेले टोकही यामुळे एकजीव होते आणि सुईत ओवताना फाटे फुटत नाहीत. नुसते ओवण्यापुरते हवे असेल तर टोकाला एक टिपका पुरे.

आता सावधगिरी. खऱ्या मेणाच्या वडीत तेल नसते, लिप बाममध्ये असते, आणि ते कापडावर उतरते. जाड सुती कापडावर, बटणे लावताना किंवा पिशवीचे बंद शिवताना काही बिघडत नाही. रेशमी किंवा फिक्या रंगाच्या झुळझुळीत कापडावर मात्र टाक्यांच्या रांगेने तेलकट ठिपके उमटतात आणि वरून इस्त्री फिरवली की ते आणखी पसरतात. मी एका फिक्या आकाशी कापडावर हे पाहिले आहे. रंगीत बाम तर या कामाला मुळीच घेऊ नये.

शुश्रूषा

मी रुग्णसेवेत आहे. त्वचेबद्दल कुणी लिहिण्याआधीच काही गोष्टी सांगून ठेवते, म्हणजे नंतर वाद नको.

ओठांच्या त्वचेचा वरचा थर पातळ असतो आणि तिथे घामाच्या ग्रंथी नसतात, त्यामुळे ओठ लवकर सुकतात. लिप बाम त्यांना नव्याने पाणी देत नाही. आतले पाणी उडून जाऊ नये म्हणून वर झाकण घालतो. हे एकदा लक्षात घेतले की शरीरावर आणखी कुठे तो चालेल हे आपोआप कळते. सर्दीत नाक पुसून पुसून नाकपुड्यांखालची कातडी लाल होते, तिथे चालतो. नखांच्या कडेची सालपटे निघतात, तिथे उत्तम चालतो. बोचऱ्या वाऱ्यात गालांवर चालतो. टाचांच्या भेगांनाही रात्री लावून मोजे घालता येतात, पण दोन टाचांना मिळून लागेल एवढा बाम कांडीत नसतो. नेहमीच्या कांडीत जेमतेम सव्वाचार ग्रॅम माल असतो. तिथे साधी पेट्रोलियम जेली घ्यावी.

नवे बूट चावतात तेव्हा फोड येण्याआधी टाचेच्या मागच्या बाजूला आणि करंगळीला बाम लावला तर घर्षण कमी होते, हे खरे आहे. मात्र चालता चालता तो पुसला जातो, म्हणून मधे पुन्हा लावावा लागतो. फोड फुटल्यावर तिथे कांडी फिरवू नये.

आता न करण्याच्या गोष्टी. भाजल्याबरोबर त्यावर बाम, जेली, काहीही लावू नये. आधी १० ते २० मिनिटे वाहत्या साध्या पाण्याखाली धरावे, कारण मेणाचा थर आतली उष्णता आतच कोंडतो. कापूर आणि मेंथॉल घातलेला, थंडगार लागणारा बाम लहान मुलांच्या नाकाखाली लावू नये. कापूर पोटात गेला तर मुलांना विषारी ठरतो, आणि नाकाखाली लावलेले मूल जिभेने चाटतेच. ज्यांना नळीने ऑक्सिजन चालू आहे त्यांच्या नाकाला आणि ओठांना पेट्रोलियमचा बाम लावू नये. ऑक्सिजनच्या सान्निध्यात तेलकट पदार्थ सहज पेट घेतात, म्हणून त्यांना पाण्यावर आधारित जेल दिले जाते. ओठांवर जर, म्हणजे तापाचे बारीक फोड, येण्यास कारणीभूत असणारा विषाणू कांडीवाटे एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतो, म्हणून घरातल्या घरातही कांडी वाटून वापरू नये. आणि नैसर्गिक रबराच्या, म्हणजे लेटेक्सच्या, कोणत्याही वस्तूला तेलकट बाम लागू देऊ नये. त्यात हातमोजे आले, फुगे आले आणि निरोधही आले. तेलाने लेटेक्स फार लवकर कमकुवत होते.

अडकलेली_चेन

शुश्रूषा, आपले मनापासून आभार. भाजल्यावर लगेच बाम लावणाऱ्यांपैकी मीही एक होतो.

सुईदोरा, कांडीवर खाच पाडण्याची युक्ती मला फार आवडली. ती कांडी नंतर ओठांना वापरता का?

सुईदोरा

छे! ती शिवणाच्या डब्यातच राहते. ओठांची वेगळी.

सहा_तारा

वादकांच्या वतीने एक उपयोग नोंदवतो, जो याद्यांमध्ये क्वचितच दिसतो.

गिटारच्या मानेच्या टोकाशी खाचा असलेली एक आखूड पट्टी असते, तिला नट म्हणतात. प्रत्येक तार आपापल्या खाचेतून पुढे खुंटीकडे जाते. खाच कोरडी असली की तार तिच्यात अडकून बसते. खुंटी फिरवत राहावी तर सूर हलत नाही, आणि मग अचानक ‘टिंग’ असा बारीक आवाज होऊन तार झटक्यात सुटते व सूर एकदम वर चढतो. वाजवताना तार ओढून सूर वाकवला तर ती परत आपल्या जागी येत नाही आणि वाद्य बेसूर होते. यावर जुना उपाय म्हणजे पेन्सिलीच्या शिशाची, म्हणजेच ग्राफाइटची, बारीक पूड करून ती चिमूटभर लिप बाममध्ये कालवायची आणि टाचणीच्या टोकाने खाचेत भरायची. तार सैल करून बाजूला घ्यावी, खाचेत टाचणीच्या डोक्याएवढाच लेप ठेवावा, तार परत बसवावी आणि उरलेले पुसून घ्यावे. नुसते ग्राफाइट उडून जाते, बामने ते जागेवर राहते. मी दर वेळी तारा बदलताना हे करतो, म्हणजे साधारण दोन-तीन महिन्यांनी. एकच गोष्ट सांभाळावी, ती म्हणजे नट पांढरे असेल तर ग्राफाइटचा काळा डाग पडतो.

क्लॅरिनेटचे तुकडे एकमेकांत बसवताना जोडावरच्या बुचाला जे ग्रीस लावतात, तेही हुबेहूब लिप बामसारख्या फिरत्या कांडीतच मिळते. ते घरी विसरले तर वादक लिप बामवर वेळ मारून नेतात. एकदा-दोनदा चालते, पण रोजची सवय करू नये.

व्हायोलिनच्या लाकडी खुंट्यांना मात्र चुकूनही बाम लावू नका. तिथे खुंटी फिरायला हवी तशी धरूनही राहायला हवी. बाम लागला की ती ताणाने उलटी फिरते आणि तार सैल पडते.

जुना_कोयंडा

कुलपाबद्दल रसायनवही यांच्याशी माझा थोडा मतभेद आहे. आमच्या कुंपणाच्या फाटकाला एक साधे लोखंडी कुलूप आहे. मी त्याला वर्षातून दोनदा मेणाचा बाम लावतो आणि ते उत्तम चालते.

रसायनवही

आपण नेमके कुठे लावता? आतल्या भोकात, की वरच्या कडीला?

जुना_कोयंडा

कडीला, आणि कडी जिथे कुलपात शिरते त्या तोंडाशी. भोकात नाही.

रसायनवही

मग आपला मतभेद नाहीच. कडीवरचा मेणाचा थर पाणी आणि हवा अडवतो, म्हणून गंज धरत नाही. कात्रीच्या पात्यांना, पक्कडीच्या सांध्याला, बागकामाच्या खुरप्याला हेच लागू पडते. फक्त धातू आधी कोरडा करून घ्यावा, नाहीतर ओल आतच कोंडली जाईल. किल्लीच्या भोकासाठी कोरडे ग्राफाइटच योग्य. सहा_तारा यांनी सांगितलेली पूडच किल्लीच्या दात्यांवर घासून ती पाच-सहा वेळा आत-बाहेर करावी, मात्र यात बाम कालवू नये. धागाकर्त्यांचे कुलूप आधी साफ करावे लागेल. पटकन उडून जाणारा, तेलकट थर न ठेवणारा संपर्क-स्वच्छक (कॉन्टॅक्ट क्लीनर) फवारा भोकात मारून आतला लगदा वाहून काढावा, पूर्ण कोरडे होऊ द्यावे, आणि मगच ग्राफाइट.

ओला_रंग

रंगकामातला उपयोग. दाराला रंग देताना बिजागऱ्या, कड्या, स्क्रूची डोकी यांवर बामचा पातळ हात फिरवून ठेवतो. रंगाचे थेंब पडले तरी ते धातूला धरत नाहीत, वाळल्यावर नखाने निघतात, आणि मग फडक्याने बाम पुसून टाकतो. चिकटपट्टी जिथे बसत नाही अशा वळणदार मुठींवर हे विशेष सोयीचे आहे.

फसलेला प्रसंगही सांगतो. बाम लागलेल्याच बोटांनी मी दाराची चौकट धरली. रंग दिल्यावर चौकटीवर माझ्या चार बोटांचे ठसे जसेच्या तसे उमटले, कारण तिथे रंग सरकून बाजूला झाला होता. खरवड, घास, परत रंग दे, असा अर्धा दिवस त्यात गेला. जिथे रंग नको तिथे बाम, हे बरोबर. पण बाम जिथे जाईल तिथे रंग बसणार नाही, हे मी विसरलो होतो.

कलपवाली

ओला_रंग यांचेच तत्त्व केसांना लागू! केसांना कलप लावण्याआधी कपाळाच्या कडेने आणि कानांच्या पाळ्यांवर कांडी फिरवावी, म्हणजे कातडीवर डाग राहत नाहीत. केसांच्या मुळांवर मात्र जाऊ देऊ नये, तिथे रंग चढत नाही. नेलपॉलिशच्या बाटलीच्या गळ्याला लावले तर झाकण चिकटत नाही. विस्कटलेल्या भुवया बसवायलाही चालतो. कानातले घालताना तार टोचत असेल तर तिला थोडा लावावा, सहज जाते. छिद्र नवे असेल तर नको.

धोबीघाट

सर्व उपयोग वाचले. आता एक अनपेक्षित उपयोग जो कुणीही मुद्दाम करू नये: पँटच्या खिशात कांडी विसरणे.

गरम पाण्यात कपडे धुतले, वर ते वाळवणाच्या यंत्रात घातले. दार उघडले तेव्हा कांडीचे टोपण वेगळे, नळी वेगळी, आणि आतला माल सहा सदऱ्यांवर वाटून दिलेला. प्रत्येकावर आठाण्याएवढे गडद डाग. सर्वांत मोठी चूक मी नंतर केली: ते सदरे तसेच परत साध्या पावडरीत धुतले आणि वाळवले. डाग गेले नाहीत, उलट उष्णतेने पक्के बसले.

शेवटी जे चालले ते असे. आधी बोथट सुरीने वरचा जाड थर खरवडून काढला. मग डागाच्या दोन्ही बाजूंनी टिपकागद ठेवून कोमट इस्त्री अलगद टेकवली, म्हणजे मेण वितळून कागदात शिरले. कागद दोनदा बदलला. त्यानंतर राहिलेल्या तेलाच्या डागावर भांडी घासायचे द्रव साबण थेट चोळून पंधरा मिनिटे ठेवले, आणि कापडाला झेपेल तेवढ्या गरम पाण्यात धुतले. डाग पूर्ण जाईपर्यंत वाळवणाच्या यंत्रात घातले नाहीत. सहापैकी चार सदरे वाचले. सुईदोरा यांनी वर इस्त्रीने डाग पसरतो असे लिहिले आहे, ते बरोबरच आहे. फरक एवढाच की मध्ये शोषून घेणारा कागद हवा आणि तो लगेच बदलायला हवा.

सुईदोरा

अगदी बरोबर. मी तेव्हा कागद ठेवला नव्हता, हे आता सांगायला हरकत नाही.

पायवाट

रानात भटकणाऱ्यांसाठी. कापसाच्या बोळ्यावर लिप बाम चांगला चोळला आणि बोळा थोडा पिंजून पेटवला तर नुसता कापूस जसा क्षणात भुर्र होतो तसा होत नाही. मेण हे इंधन आणि कापूस ही वात, त्यामुळे ज्योत काही मिनिटे टिकते आणि तेवढ्यात ओलसर काटक्या धरतात. बोळा पूर्ण बुडवू नये, काही धागे कोरडे राहू द्यावेत, नाहीतर ठिणगी धरत नाही. कांडीच्या नळीतच वात खोचून मेणबत्ती करण्याची जी युक्ती सांगितली जाते ती मी करून पाहिली. नळी प्लास्टिकची असते. ती वितळली, घाण वास आला, हात भाजता भाजता वाचला. करू नये.

ज्या बामवर एसपीएफ, म्हणजे उन्हापासून संरक्षणाचा आकडा, लिहिलेला असतो तो नाकाच्या शेंड्याला आणि कानांच्या वरच्या कडेला लावता येतो, कारण टोपी घातली तरी नेमक्या याच जागा उन्हात राहतात. अख्ख्या चेहऱ्याला पुरणार नाही. आणि कांडी बंद गाडीत उन्हात ठेवू नये. परत आल्यावर टोपण उघडाल तेव्हा हातात सूप येईल.

चष्मिस

चष्मा नाकावरून घसरू नये म्हणून नाकाला लिप बाम लावावा, असे मी एका यादीत वाचले आणि केले. चष्मा आणखी जोरात घसरला. काचेवर बोट लागले ते वेगळेच. ही यादी लिहिणाऱ्याला चष्मा नसावा.

अडकलेली_चेन

हसून पुरेवाट झाली. धागा सुरू करताना मी नेमके हेच म्हटले होते!

टोपण

आतला माल संपल्यावर नळीचे काय करता? तळाची चकती खाली फिरवून, गरम पाण्याने धुऊन, वाळवून मी तिच्यात सुया आणि टाचण्या ठेवतो. प्रवासात कानात घालायचे बोळेही नेमके मावतात.

अवांतर: या नळीचा इतिहासातला सर्वांत अनपेक्षित उपयोग बहुधा अमेरिकेच्या वॉटरगेट प्रकरणातला असावा. विरोधी पक्षाच्या कार्यालयात चोरून शिरण्याच्या १९७२ च्या त्या प्रकरणात, त्यातला एक सूत्रधार हॉवर्ड हंट याच्या व्हाइट हाउसमधल्या तिजोरीत चॅपस्टिक या लिप बामच्या नळ्या सापडल्या, आणि त्यांच्या आत बारीक मायक्रोफोन बसवलेले होते.

रसायनवही

चॅपस्टिकचा विषय निघालाच आहे तर एक जोड देते, कारण ती धागाकर्त्यांच्या मेणबत्तीपाशी परत येते. व्हर्जिनियातील लिंचबर्ग येथे १८८० च्या दशकात चार्ल्स फ्लीट याने जो पहिला बाम केला तो नळीत नव्हताच. तो पातळ धातूच्या कागदात गुंडाळलेल्या, बिनवातीच्या लहान मेणबत्तीसारखा दिसत असे. तो फारसा खपला नाही आणि १९१२ मध्ये त्याने ती कृती जॉन मॉर्टन याला अवघ्या ५ डॉलरना विकली. मॉर्टनची पत्नी घरच्या स्वयंपाकघरात मिश्रण वितळवून पितळी नळ्यांत ओतत असे आणि थिजल्यावर त्याच्या कांड्या कापत असे. तेव्हा त्या पहाटे धागाकर्त्यांना मेणबत्ती सापडली नाही असे म्हणणे तितकेसे खरे नाही.

लाकूडतोड्या

वाचनमात्र होतो, पण लाकडातल्या स्क्रूचा नुसता उल्लेख होऊन तो राहून गेला, म्हणून लिहितो. कडक लाकडात स्क्रू पिळताना तो मध्येच अडतो आणि जोर लावला की डोक्याची खाच झिजते, किंवा पितळी स्क्रू असेल तर सरळ तुटतो. आधी योग्य मापाचे भोक पाडावे, मग स्क्रूच्या आट्यांवर टोकापासून अर्ध्यापर्यंत बाम चोळावा. मनगटाला फरक लगेच कळतो. साबणानेही हे होते, परंतु साबण ओल धरतो आणि लोखंडी स्क्रू पुढे गंजतो, म्हणून मला मेण बरे वाटते. जिथे नंतर लाकडाला पॉलिश किंवा सरस लावायचा आहे तिथे बाम सांडू देऊ नका. ओला_रंग यांच्या चौकटीसारखेच होईल.

धागाकर्त्यांच्या खणाबद्दल: पट्ट्यांना बाम लावण्याआधी खण पूर्ण बाहेर काढून तळ पाहावा. पट्टीवर एके ठिकाणी लाकूड चकचकीत झालेले दिसेल. खण तिथेच घासतो. तेवढाच भाग बारीक पॉलिशपेपरने हलका घासून मग मेण लावले तर वर्षभर पाहावे लागत नाही.

अडकलेली_चेन

सर्वांचे आभार. दोन गोष्टी लगेच करून पाहिल्या, त्यांचा वृत्तान्त देतो.

कुलूप फवाऱ्याने धुतले. भोकातून जे बाहेर आले ते राखाडी, तंतुमय आणि किंचित पुदिन्याच्या वासाचे होते. म्हणजे मी थंडगार बाम घातला होता, हेही तेव्हाच कळले. रात्रभर उलटे टांगून ठेवले, सकाळी पेन्सिलीचे शिसे किल्लीवर घासले. तिसऱ्या फेरीपासून किल्ली फिरू लागली. बोटे काळी झाली, एवढाच त्रास.

खण बाहेर काढला. लाकूडतोड्या यांनी सांगितलेली चकचकीत जागा डाव्या पट्टीवर, मागच्या टोकापासून वीतभर अंतरावर सापडली. ती घासली, मेण लावले, खण आत ढकलला. तो इतक्या सहज गेला की मागच्या फळीवर आपटून आतली वाटी सांडली, आणि तिच्यात ठेवलेल्या सगळ्या टाचण्या आता खणाच्या तळाशी विखुरल्या आहेत. टोपण यांनी सांगितलेली रिकामी नळी धुऊन वाळत घातली आहे.